नाफ्लियोचे पाच पांदेलिस

ज्या माणसानं तेहेतीस वर्षं नगरपालिकेच्या नोंदणी खात्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'वडलांचं नाव?' हा एकच प्रश्न विचारला, त्याच माणसाला आपल्या जिवलग मित्राच्या वडलांचं नाव ठाऊक नसावं, याला काय म्हणायचं? लाझारोसच्या बायकोनं, एव्दोकियानं, याला जे म्हटलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. शिवाय ती ते फोनवर म्हणाली, आणि लाझारोस त्या वेळी नाफ्लियोच्या भर चौकात, भर उन्हात, हातात गळक्या मिठाईचा खोका घेऊन उभा होता. त्यामुळे निम्मं त्याला ऐकूच आलं नाही, हे एक बरं झालं.

प्रकरण साधं होतं. सप्टेंबरात मुलीचं, मिर्सिनीचं लग्न. आमंत्रणांची यादी करायला बसले तेव्हा एव्दोकियानं सगळ्यांत वर एक नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पांदेलिस आणि रिनी, नाफ्लियो. लाझारोसनं चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. पत्रिका टपालानं टाकू म्हणाला. एव्दोकिया म्हणाली, "टपालानं नाही. तू जायचंस. त्याच्या उंबऱ्यावर उभं राहून बोलवायचंस. आणि तो येणार नसेल तर माझ्या मुलीच्या लग्नात पहिल्या रांगेत मी तुझ्या शेजारी बसणार नाही, एवढं लक्षात ठेव."

पांदेलिस म्हणजे लाझारोसचा कुंबारो. आमच्याकडे ग्रीसमध्ये लग्नात जो नवराबायकोच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलाबदल करतो तो कुंबारो, आणि त्यानंतर ते दोघं जन्मभर एकमेकांना कुंबारो म्हणूनच हाक मारतात. सख्खा भाऊ एक वेळ परवडला, पण कुंबाऱ्याशी वाकडं घेऊ नये असं म्हणतात. कारण त्याचा एक हक्क असतो: पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा त्याच्या हातून व्हायचा. तेल त्यानं लावायचं, मेणबत्ती त्यानं आणायची, नाव त्यानं उच्चारायचं. हा हक्क पंचवीस वर्षांपूर्वी लाझारोसनं आपल्या खातेप्रमुखाला देऊन टाकला. खातेप्रमुखांनी एकदा जिन्यात सहज विचारलं होतं, "मुलगी झाली म्हणे? बाप्तिस्मा कोण करतंय?" आणि लाझारोसच्या तोंडून निघून गेलं, "आपली इच्छा असेल तर आपणच, साहेब." साहेबांची इच्छा होती की नाही हे आजवर कळलेलं नाही, पण नाही म्हणायला तेही भिडस्त निघाले. पांदेलिसला लाझारोसनं चार ओळींचं पत्र पाठवलं. पांदेलिस भांडला नाही. उत्तरही आलं नाही.

साहेबांनी मिर्सिनीला, धर्मपित्यानं पाठवायचे म्हणून, दोन ईस्टरांना बूट पाठवले. दोन्ही वेळा एकाच मापाचे. मग त्यांची बदली झाली आणि ते कायमचे दिसेनासे झाले.

राहिली रिनी, पांदेलिसची बायको. ती दर नववर्षाला एव्दोकियाच्या नावानं एक कार्ड टाकायची. 'आम्ही बरे आहोत. मुलीला गोड पापा.' मागं पत्ता नसायचा. उत्तर मी लिहितो, असं दर वर्षी लाझारोस म्हणायचा, आणि कार्ड एका खणात ठेवायचा. नोंदणी खात्यात एखादा कागद खणात गेला म्हणजे त्याचं काम झालं असं धरतात. खणात अशी पंचवीस कामं झालेली होती.

गेल्या वर्षी मिर्सिनीचं ठरलं तेव्हाही एव्दोकियानं 'जाऊन ये' म्हटलं होतं. तेव्हा ऊन फार होतं. ऊन यंदाही तेवढंच होतं, पण सबब एकदा वापरली की तिची धार जाते.

आता कसं जायचं यावर इमारतीत सल्लामसलत झाली. खालच्या मजल्यावरच्या सुलाकाकूंना लाझारोसनं काहीही सांगितलेलं नव्हतं, म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. त्या म्हणाल्या, सत्तावीस जुलैला जा. त्या दिवशी संत पांदेलेइमोनचा सण, म्हणजे त्या नावाच्या सगळ्यांचा, तुझ्या पांदेलिसचाही नामदिन. नामदिनाला दार उघडं असतं, आमंत्रण लागत नाही आणि आलेल्याला हाकलता येत नाही. शत्रू आला तरी त्याच्या हातावर गोड ठेवावं लागतं. "खून केलेला असलास तरी चालेल," असं म्हणून त्यांनी त्याला धीर दिला. समोरचा केमिस्ट म्हणाला, रिकाम्या हातानं मात्र जाऊ नका, पण मिठाई नेऊ नका, उन्हाची टिकत नाही, बाटली न्या. बायको म्हणाली, बदामाची कोरडी मिठाई ने. लाझारोसनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुधाच्या सारणाची, पाकात बुडवलेली मिठाई घेतली. पांदेलिसला ती आवडायची एवढं एकच त्याच्याबद्दल खात्रीनं आठवत होतं.

अथेन्सहून बस सुटली आणि पाक कोरिंथच्या आधीच गळायला लागला. खोका मांडीवर, पाक पँटवर, आणि शेजारी एक सुतकी चेहऱ्याचे गृहस्थ, ते प्रत्येक वळणावर खोक्याकडे आणि मग लाझारोसकडे पाहत होते. नाफ्लियोत उतरला तेव्हा पँटची डावी बाजू मांडीला अशी चिकटली होती की चालताना तो लंगडतोय असं वाटावं. खरं तर बस सुटल्यापासून तो मनात एक भाषण जुळवत होता. 'कुंबारे, माणूस चुकतो' अशी सुरुवात होती. आर्गोस येईपर्यंत ते चांगलं जमलं होतं.

किल्ल्याच्या पायथ्याशी, पायऱ्यांच्या गल्लीत पांदेलिसचं घर होतं. ते सापडलं, पण दाराला आकड्यांचं कुलूप होतं आणि वरच्या खिडकीतून एका परदेशी मुलीनं ओले टॉवेल वाळत घालता घालता हात हलवला. घराच्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात आता. जुन्या फोन नंबरावर त्यानं आदल्याच आठवड्यात फोन केला होता, तर एका मासळीच्या खानावळीनं त्याच्या नावानं चौघांचं टेबल राखून ठेवलं होतं. तेव्हा चौकातल्या वर्तमानपत्रांच्या टपरीवर जाऊन त्यानं विचारलं, पांदेलिस स्कारलातोस कुठं राहतो?

"कुठला?" टपरीवाला म्हणाला.

थोरल्या पांदेलिस स्कारलातोसला पाच मुलगे होते, असं निघालं. पाचही आज्ञाधारक. प्रत्येकानं रीतीप्रमाणे आपल्या थोरल्या मुलाला आजोबांचं नाव दिलं. गावात पाच पांदेलिस स्कारलातोस आहेत, सगळे साठीच्या आसपासचे. "वडलांचं नाव सांगा," टपरीवाला म्हणाला, "म्हणजे लगेच सांगतो."

लाझारोसला घाम फुटला. तो त्या घरी दोनदा जेवला होता, पण पांदेलिसच्या वडलांना सगळे नुसतं 'म्हातारबा' म्हणायचे. वडलांचं नाव नाही म्हणून त्यानं आयुष्यात किती अर्ज परत केले असतील? एकदा एका विधवेला तीन वेळा हेलपाटे घालायला लावले होते. तिची आठवण त्याला नेमकी त्या टपरीपुढं झाली. त्यानं बायकोला फोन केला, आणि तिनं जे म्हणायचं ते म्हटलं. तिलाही नाव माहीत नव्हतं.

टपरीवाल्याला दया आली. "तुमचं नातं काय त्यांच्याशी?"

इथं लाझारोसनं खरं सांगायला हवं होतं. 'मी त्याचा कुंबारो' एवढे तीन शब्द. पण त्याला वाटलं, लहान गाव, पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट गावाला माहीत असली तर? त्यात अर्धी पँट पाकानं भिजलेली. तो म्हणाला, "ओळखीचे आहेत. लष्करात एकत्र होतो." लष्करात पाचही पांदेलिस होते. टपरीवाल्यानं उसासा टाकून चौघांचे पत्ते सांगितले, त्यांच्या गावातल्या नावांसकट: बर्फवाला, कर्णा, पाद्री आणि कॅप्टन. "पाचवा आहे, पण त्याच्याकडे आज कोणी जात नाही," असंही तो म्हणाला, आणि सिगारेट मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. लाझारोसनं ते अर्ध्या कानानं ऐकलं. जिथं कोणी जात नाही तिथं आपण तरी कशाला जा, असा त्यानं विचार केला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

बर्फवाल्याच्या घरी बैठकीत सतरा माणसं होती. दारात पाऊल पडताच कोणी तरी खोका घेतला, कोणी खुर्ची दिली, कोणी हातात बशी दिली. बशीत पाकातलं हिरवं अंजीर, वर चमचा, शेजारी गार पाणी. ही सगळी रीत इतकी भराभर पार पडते की आपण कोणाच्या घरात आलो आहोत हे पाहायला सवडच मिळत नाही. लाझारोसनं अंजीर तोंडात टाकलं आणि मग यजमानाकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत माणूस टक्कल पडून, जाड होऊन ओळखू न येण्यासारखा होतो हे खरं, पण वीतभर बुटका होत नाही. हा पांदेलिस त्याच्या खांद्याला लागत होता.

आता सांगणार काय? तोंडात अंजीर. खोका उघडून गळका पाक ताटात काढलेला. बर्फवाला त्याला मिठी मारून "बरं झालं आलात" म्हणत होता, कारण त्याला वाटलं हा बायकोच्या माहेरचा. आणि बायकोला वाटलं हा नवऱ्याकडचा. लाझारोसनं 'शतायुषी व्हा' म्हटलं आणि पाऊण तास तिथं बसला. निघताना त्याला पुढच्या वर्षीचं आमंत्रण मिळालं.

दुसरा खोका नाक्यावरच्या दुकानात घेतला. कर्णा हे नाव का पडलं ते गल्लीच्या तोंडाशीच कळलं, आणि तो आवाज पांदेलिसचा नव्हे हेही कळलं. परत फिरायला वेळ होता. पण कर्ण्यानं गच्चीवरून त्याला खोक्यासकट पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं स्वागत केलं. नामदिनाला खोका घेऊन आलेला माणूस दारावरून परत गेला तर घराचं नाक जातं. लाझारोस वर गेला. बोलता बोलता तो नोंदणी खात्यातून निवृत्त झालाय असं निघालं, आणि तिथंच घात झाला. कर्ण्याच्या मेव्हण्याचा ऑलिव्हच्या बागेच्या हद्दीचा अर्ज सात वर्षं कुठं तरी पडून होता. मेव्हणा घरी धावला आणि कागदांचं गाठोडं घेऊन आला. मग शेजारीण आपले कागद घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर ताटं बाजूला सारून लाझारोसनं दीड तास अर्ज भरले. एकाला सवयीनं त्यानं "वडलांचं नाव?" असं दरडावून विचारलंसुद्धा, आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

सुटला तेव्हा अडीच वाजले होते. आता साडेपाचपर्यंत कोणाच्या दाराला हात लावायची सोय नव्हती. दुपारी गाव झोपतं. त्या वेळात घंटी वाजवणारा एक तर तारवाला असतो नाही तर वेडा. लाझारोस धक्क्यावर एका बाकावर बसला. समोर पाण्यातला छोटा किल्ला, मागं डोंगरावरचा मोठा किल्ला, आणि मध्ये तो. पोटात अंजीर, पाकातली संत्र्याची साल, दोन प्रकारचं मद्य आणि कर्ण्याच्या बायकोचा मेंढीचा रस्सा. चारची बस होती. ती धरून घरी जाऊन 'भेटला नाही' असं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

लग्न होऊन पहिल्या उन्हाळ्यात ते चौघं याच धक्क्यावर बसले होते. रिनी कलिंगड कापत होती, आणि पांदेलिस एव्दोकियाला म्हणाला होता, "पहिली मुलगी होऊ दे, कुंबारी. मुलीचा बाप्तिस्मा करायचाय मला." लाझारोसला हे आजवर आठवलं नव्हतं, असं नाही. आठवायला लागलं की तो उठून काही तरी कामाला लागायचा. आज कामच नव्हतं. तो तसाच बसला आणि त्याला फार वाईट वाटलं. चारची बस गेली.

पाद्री घरी नव्हता. हा इसम तरुणपणी तीन महिने पाद्री व्हायला गेला होता, त्यावरून ते नाव. त्याच्या सासूबाई होत्या, त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी तिसरा खोका घेतला, आशीर्वाद दिला आणि दार लावलं. दार लागण्याआधी दिसलेल्या भिंतीवरच्या फोटोत पाद्री एका डोळ्यानं तिरळा होता. पांदेलिस नव्हता.

चौथा खोका घेऊन लाझारोस कॅप्टनच्या घरी पोहोचला तेव्हा सहा वाजले होते. कॅप्टन आयुष्यात कधी जहाजावर चढला नव्हता. त्याचं पडद्यांचं दुकान होतं. तोही पांदेलिस नव्हता. पण कॅप्टनच्या बायकोनं, कालिओपीबाईनं, त्याला खुर्ची दिली नाही की बशी दिली नाही. कंबरेवर हात ठेवून ती म्हणाली, "खरं सांगा, साहेब, तुम्ही कोणाला शोधताय? सकाळपासून तुम्ही गावातल्या पांदेलिसांना मिठाई वाटत फिरताय. बर्फवालीचा फोन आला होता मला. कर्णीचाही आला. निवडणुकीला उभे आहात का?"

बैठकीतली माणसं हसली. लाझारोसच्या उरल्यासुरल्या अब्रूचा तिथं निकाल लागला, आणि गंमत म्हणजे त्याला हलकं वाटलं. तो म्हणाला, "मी त्याचा कुंबारो आहे. अथेन्सचा."

हसणं थांबलं. कॅप्टननं हातातला ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही होय ते," कालिओपीबाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते तिखटमीठ न लावता सांगितलं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. पंचवीस वर्षांपूर्वी तिचा चुलतदीर महिनाभर गावात ज्याला त्याला अडवून सांगत होता, अथेन्सला चाललोय, कुंबाऱ्याच्या मुलीचा बाप्तिस्मा करायला. नवा सूट शिवला. मेणबत्ती तर चौकात आणून दाखवली. न्हाव्यानं आदल्या दिवशी फुकट दाढी केली. आणि मग तो गेलाच नाही. का नाही गेलास, असं विचारलं की म्हणायचा, दिवस पुढं गेलाय. गाव ते गाव. गावानं त्याचं नाव कुंबारो ठेवलं. आजही गल्लीतली शेंबडी पोरं त्याला कुंबारो म्हणतात. का म्हणतात ते त्यांना माहीत नाही.

सकाळी टपरीवर ते तीन शब्द बोलला असता तर पाच मिनिटांत पोहोचला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा लपवून वळसा घातला होता.

"कुठं राहतो तो?" लाझारोसनं विचारलं.

"खाली, प्रोनियात. चिंचोळ्या गल्लीत शेवटचं घर. पण तो यंदा नामदिन करत नाही." ती थांबली. "तुम्हाला माहीत नाही का? रिनी गेली. मार्चमध्ये."

कालिओपीबाईनं पुढं होऊन लाझारोसच्या हातातला खोका, त्यावरची सोनेरी फीत, सगळं अलगद काढून घेतलं. "हे तिथं नेता येणार नाही," ती म्हणाली.

दिवसभरात पहिल्यांदाच तो रिकाम्या हातानं चालत होता. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. नोव्हेंबरात, डिसेंबरात रिनी कार्ड शोधायला कुठल्याशा दुकानात गेली असेल. जानेवारीत ते आलं होतं. 'आम्ही बरे आहोत.' ते खणात सगळ्यांत वर होतं.

शेवटच्या घराच्या खिडक्या मिटलेल्या होत्या. दार मात्र नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून तो घरातून पलीकडे गेला, तर मागच्या अंगणात एक उंच, वाकलेला माणूस काळा सदरा घालून तुळशीच्या कुंड्यांना पाइपनं पाणी घालत होता. ओळखायला क्षणही लागला नाही. पांदेलिसनं मान वर केली, पाहिलं, नळ बंद केला.

"आलास?" तो म्हणाला. "पंचवीस वर्षं लावलीस. बस चुकली होती का?"

'कुंबारे, माणूस चुकतो' हे भाषण लाझारोसच्या डोक्यातून साफ पुसून गेलं होतं. तो म्हणाला, "रिनीचं मला आत्ता कळलं. कॅप्टनच्या घरी."

"बस."

दोघं वेलाखाली लाकडी खुर्च्यांवर बसले. पांदेलिसनं पाणी आणलं. गोड आणलं नाही, सुतकात नसतं. लाझारोसनं कार्डांचं सांगितलं, उत्तर लिहिलं नाही तेही सांगितलं, खणाचंही सांगितलं. पांदेलिस म्हणाला, कार्डं ती त्याच्या चोरून टाकायची. त्याला राग येईल असं तिला वाटायचं. त्यामुळे तो डिसेंबर लागला की टपालाची तिकिटं आणून तिच्या शिवणाच्या डब्यापाशी विसरल्यासारखी ठेवायचा. हे दोघांनी एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

"मी खुर्चीसाठी केलं, पांदेलिस," लाझारोस म्हणाला. "साहेबांच्या मर्जीत राहिलो तर हातांची खुर्ची मिळेल असं वाटलं होतं. दुसरं काही नव्हतं त्यात."

"मिळाली?"

"मिळाली. एक हात मोडका होता."

पांदेलिस हसला. हसता हसता त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि बराच वेळ हात तिथंच ठेवला.

लाझारोसनं खिशातून पत्रिका काढली. ती घामानं आणि पाकानं एका कोपऱ्यात पिवळी झाली होती. उंबऱ्यावर उभं राहून द्यायची होती, म्हणून तो उठला, घरातून जाऊन पुढच्या दारात उभा राहिला आणि तिथून म्हणाला, "मिर्सिनीचं लग्न आहे, कुंबारे. सप्टेंबरात. तू यावंस."

पांदेलिसनं पत्रिका घेतली, हात लांब करून वाचली. मुलीचं नाव दोनदा वाचलं. "रिनीला वर्ष व्हायचंय," तो म्हणाला. "वर्षाच्या आत मला लग्नात उभं राहता येत नाही. तुला ठाऊक आहे."

लाझारोसला ठाऊक होतं. बसमध्ये बसल्यापासून त्यानं नकाराची शंभर कारणं कल्पून त्यांना उत्तरं तयार केली होती. राग, अपमान, अहंकार, सगळ्यांना. हे एक त्या शंभरांत नव्हतं.

"गेल्या वर्षी आला असतास," पांदेलिस म्हणाला, आणि त्यात राग नव्हता, "तर तिनं अख्खं स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं असतं."

गेल्या वर्षी ऊन फार होतं. हे लाझारोसनं सांगितलं नाही. काही गोष्टी कबूल करायलासुद्धा लाज वाटते.

आठची शेवटची बस होती. निघताना पांदेलिस त्याला थांब म्हणाला आणि आत गेला. कपाट उघडल्याचा, काही तरी खाली पडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कमरेएवढी पांढरी मेणबत्ती होती. जाळीच्या कापडात गुंडाळलेली, गुलाबी फीत, फितीवर बारीक टाक्यांनी काढलेलं चिमणीएवढं फूल. पांढरी आता लोण्याच्या रंगाची झाली होती. आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला असल्यानं पंचवीस उन्हाळ्यांत ती मधोमध वाकली होती, पाठ दुखणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.

"फूल रिनीनं काढलंय," पांदेलिस म्हणाला. "दोनदा टाकायला निघालो होतो, तिनं टाकू दिली नाही. लग्नात नवरानवरीच्या बाजूला दोन उभ्या असतात ना, त्यांच्यात ही कुठं मागं मावत असली तर बघा." लाझारोस ती दोन्ही हातांनी घेऊन वळला तेव्हा तो पाठीमागून म्हणाला, "सरळ करायला जाऊ नकोस. मोडेल."

टपरीवाल्यानं त्याला चौकातून जाताना पाहिलं आणि मान हलवली. बर्फवाल्याची बायको गॅलरीत होती, तिनं पुढच्या वर्षी नक्की या म्हणून हाक मारली. ड्रायव्हर मेणबत्ती सामानाच्या कप्प्यात टाका म्हणाला. लाझारोस म्हणाला, कप्पा तापतो. ड्रायव्हर म्हणाला, मग दुसरं तिकीट काढा. लाझारोसनं काढलं, पण सीटवर ती राहीना, घसरायची. शेवटी पुन्हा मांडीवर घेतली. मांडी अजून चिकट होती.

मावळतीचं ऊन थेट आत येत होतं. त्यानं कोट काढून मेणबत्तीवर धरला. मोकळ्या राहिलेल्या सीटवर, खिडकीशी, एक बाई येऊन बसल्या होत्या, टोपलीत अंडी घेऊन. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि मग राहवेना म्हणून विचारलं, "बाप्तिस्मा वाटतं?"

"हो," लाझारोस म्हणाला. "माझ्या मुलीचा."

"देव भलं करो. किती महिन्यांची आहे?"

"सव्वीस वर्षांची."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, वाकलेल्या मेणबत्तीकडे पाहिलं, तो कोट कसा धरून बसलाय तेही पाहिलं. मग टोपली पायाशी ठेवली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.